एआय एजंटने ब्लेंडरचा नोड ग्राफ बदलला, पण परिणाम दिसत नाही किंवा चुकीचा दिसतो: समस्या निवारण

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील जॉमेट्री नोड्स (आकार घडवणारे) किंवा शेडर नोड्सचे (रंग-पोत ठरवणारे) काम एआय एजंटकडे, म्हणजे सूचनेवरून स्वतः कोड लिहून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. एजंट काम पूर्ण झाल्याचे कळवतो, त्याचा पायथन कोड कोणतीही त्रुटी न दाखवता संपतो, आणि तरीही व्ह्यूपोर्टमध्ये (दृश्य दाखवणाऱ्या खिडकीत) अपेक्षित आकार, रंग किंवा मांडणी दिसत नाही. नोड म्हणजे एक क्रिया करणारा चौकोन, त्याच्या कडेचे जोडबिंदू म्हणजे सॉकेट, दोन सॉकेट जोडणारी रेष म्हणजे लिंक, आणि या सगळ्यांचे जाळे म्हणजे ग्राफ. असे ग्राफ दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे नियमितपणे येते. त्यातून माझे असे मत बनले आहे की एजंटला नोड्सची माहिती नसते असे क्वचितच घडते. तो समोरचा ग्राफ न वाचता त्यात लिहितो आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहत नाही, तिथे काम बिघडते. खालच्या बहुतेक तपासण्या म्हणजे ते राहून गेलेले वाचन आपण करणे किंवा एजंटकडून करवून घेणे होय.

हे विवेचन ब्लेंडर ४.० आणि त्यापुढील आवृत्त्यांना धरून आहे. एजंट ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमार्फत (एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याच्या पद्धतीने) जोडलेला असो किंवा दुसऱ्या एखाद्या मार्गाने, रचना साधारण सारखीच असते. ब्लेंडरमधील एक ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) एजंटने पाठवलेला पायथन कोड स्वीकारतो, चालवतो आणि छापलेला मजकूर त्याला परत देतो. एजंटला कळते ते एवढ्या मजकुरावरून. स्क्रीनशॉट दिला तरी नोड एडिटरमधली बारीक रेष नेमक्या कोणत्या सॉकेटला टेकली आहे, हे त्यावरून खात्रीने ओळखता येत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अधिक लक्षणे आढळत असतील तर या तपासण्या उपयोगी पडतील.

- नोड एडिटरमध्ये नवे नोड दिसतात, पण वस्तूवर काहीच परिणाम होत नाही.
- एजंट लिंक जोडल्याचे सांगतो, पण ती रेष एडिटरमध्ये दिसत नाही, किंवा लाल दिसते.
- तीच सूचना दुसऱ्यांदा दिल्यावर त्याच नोडच्या .००१ आणि .००२ अशा प्रती तयार होतात.
- मिक्स, मॅथ किंवा रॅन्डम व्हॅल्यू नोडमध्ये किंमत दिली जाते, पण ती भलत्याच खान्यात जाते.
- रंग सांगितल्यापेक्षा फिकट येतात, किंवा फिरवलेल्या वस्तू अनाकलनीय कोनात उभ्या राहतात.
- एका वस्तूसाठी केलेला बदल दृश्यातील इतर वस्तूंवरही होतो.
- नोड ग्रुपची (एकत्र बांधून पुन्हा वापरता येणाऱ्या नोड-संचाची) एक इनपुट सुधारल्यावर आधीच्या वस्तूंवर जुळवलेल्या किमती जाऊन मूळ, म्हणजे डिफॉल्ट, किमती येतात.
- पूर्ववत करा असे सांगितल्यावर ब्लेंडर बंद पडतो, किंवा एजंटला संबंधित घटक काढून टाकला गेल्याची त्रुटी मिळते.

तपासण्यांपूर्वी: फाइलची प्रत

फाइल वेगळ्या नावाने जतन करावी आणि त्या प्रतीवरच पुढचे काम करावे. कंट्रोल-झेडवर विसंबू नये. पायथनने डेटामध्ये थेट केलेले बदल पूर्ववत करण्याच्या यादीत आपोआप स्वतंत्र पायरी म्हणून नोंदले जातीलच असे नसते. कोडमध्ये ती नोंद मुद्दाम करावी लागते. नोंद केली नसेल तर एका कंट्रोल-झेडबरोबर एजंटचे बदल आणि त्याआधी हाताने केलेले काम दोन्ही जाऊ शकतात. शिवाय पूर्ववत केल्यानंतर एजंटच्या कोडने आधी धरून ठेवलेले नोडचे संदर्भ निकामी होतात आणि ते पुन्हा वापरले गेल्यास ब्लेंडर कोसळू शकतो. म्हणून प्रत्येक पूर्ववत क्रियेनंतर एजंटने सर्व नोड नावाने नव्याने शोधावेत, अशी सूचना त्याला द्यावी.

पहिली तपासणी: आपण योग्य गोष्टीकडे पाहत आहोत का

ही तपासणी काही क्षणांची आहे आणि तरीही बरेचदा इथेच उत्तर मिळते. मॉडिफायरच्या (वस्तूवर नोड ग्रुप लागू करणाऱ्या घटकाच्या) पट्टीवर व्ह्यूपोर्टचे चिन्ह चालू आहे का, मॉडिफायरला जोडलेला नोड ग्रुप एजंटने बदललेलाच आहे का, आणि एखादा नोड म्यूट (तात्पुरता बंद) केलेला नाही ना, हे पाहावे. त्यानंतर ग्रुप आउटपुट नोड मोजावेत. एका ग्राफमध्ये असे एकाहून अधिक नोड असू शकतात, पण त्यांतला एकच सक्रिय असतो. एजंट नवा ग्राफ रचताना सवयीने नवा ग्रुप आउटपुट तयार करतो आणि आपली सगळी साखळी त्याला जोडतो, तर सक्रिय मात्र जुनाच राहतो. मटेरियल आउटपुटच्या बाबतीतही असेच होते. तिथे आउटपुट सायकल्ससाठी आहे, ईव्हीसाठी आहे (ही ब्लेंडरची चित्र तयार करणारी दोन इंजिने) की दोन्हींसाठी, हेही पाहावे लागते.

याच वेळी मॉडिफायरचे चिन्ह एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. तेवढ्याने दृश्य बदलले तर ग्राफ बरोबर आहे आणि फक्त पुनर्गणना झालेली नाही. पायथनने मॉडिफायरच्या इनपुटची किंमत बदलल्यावर वस्तूला बदलल्याची खूण, म्हणजे अपडेट टॅग, द्यावी लागते. एजंटच्या कोडमधून ही ओळ अनेकदा गळते.

दुसरी तपासणी: आवृत्ती

एजंटला ब्लेंडरची आवृत्ती विचारू नये. ती ब्लेंडरकडून छापून घ्यायला सांगावे. याला महत्त्व आहे, कारण भाषा-मॉडेलांनी वाचलेला बराचसा कोड जुन्या आवृत्त्यांसाठी लिहिलेला आहे आणि नोड्सच्या बाबतीत ब्लेंडरने मधल्या काळात पुष्कळ बदल केले आहेत. ३.४ मध्ये जुन्या मिक्स आरजीबी नोडची जागा नव्या मिक्स नोडने घेतली. ४.० मध्ये नोड ग्रुपच्या इनपुट-आउटपुट जोडण्याची जुनी पद्धत काढून त्या जागी ‘इंटरफेस’ ही स्वतंत्र रचना आली. त्याच आवृत्तीत पृष्ठभागाचे गुण ठरवणाऱ्या प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ नोडची पुनर्मांडणी झाली: स्पेक्युलरचे स्पेक्युलर आयओआर लेव्हल झाले, क्लिअरकोटचे कोट वेट झाले, ट्रान्समिशनचे ट्रान्समिशन वेट झाले. ४.१ मध्ये मसग्रेव्ह टेक्स्चर हा नोड नॉइज टेक्स्चरमध्ये सामावला गेला. ५.० मध्ये कंपोझिटरचा (तयार चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या भागाचा) ग्राफ दृश्यातून काढून स्वतंत्र नोड ग्रुप म्हणून ठेवण्यात आला.

नाव बदलले असेल तर पायथन त्रुटी देतो आणि ती त्रुटी उपकारक असते. क्रमांक वापरला असेल तर मात्र काहीच कळत नाही. प्रिन्सिपल्ड नोडमध्ये रफनेसचे सॉकेट ३.६ मध्ये शून्यापासून मोजल्यास ९ व्या क्रमांकावर होते, ते ४.० मध्ये २ वर आले. जुना कोड ९ क्रमांकावर किंमत टाकतो आणि ती तिसऱ्याच गुणधर्मात जाऊन बसते.

इथे आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. एजंट अनेकदा कोडचे तुकडे ट्राय-एक्सेप्टमध्ये (त्रुटी पकडणाऱ्या पायथन रचनेत) गुंडाळतात आणि पकडलेली त्रुटी गिळून पुढे जातात. त्यामुळे अर्धे नोड तयार होतात, अर्धे राहतात आणि अहवाल यशस्वी येतो. एजंटचा कोड उघडून त्यात ट्राय-एक्सेप्ट शोधावे आणि ते काढून तोच कोड प्रतीवर पुन्हा चालवावा. पहिली जी त्रुटी येईल ती बहुधा मूळ कारणाकडे नेते.

तिसरी तपासणी: दुबार नोड आणि नावे

एजंटने कोड पुन्हा चालवला की जुने नोड तसेच राहतात आणि नवे त्यांच्यावर, बहुतेक वेळा त्याच जागी, रचले जातात. नोडला जागा दिली नसेल तर तो मूळ बिंदूवर येतो, त्यामुळे एकावर एक पडलेले नोड एकच वाटतात. एक नोड ओढून पाहिला की खालचा दिसतो. इलाज असा की एजंटने तयार केलेल्या प्रत्येक नोडला स्वतःचे ठरावीक नाव द्यावे, कोडच्या सुरुवातीला त्या नावाचा नोड आहे का ते पाहावे आणि असल्यास तोच वापरावा. नाव आणि लेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोध नावावर चालतो, लेबलवर नाही.

मराठीत नावे देणाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ५.० च्या आधीच्या आवृत्त्यांत मटेरियल, नोड ग्रुप अशा डेटाब्लॉकच्या (फाइलमधील स्वतंत्र साठवलेल्या घटकाच्या) नावाला ६३ बाइटांपर्यंतच जागा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षर-साठवण पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात, म्हणून २१ चिन्हांनंतरचे नाव कापले जाते. ‘वाड्याच्या लाकडी खांबाची नक्षी’ एवढे नावही त्या मर्यादेबाहेर जाते. एजंट पूर्ण नावाने शोधतो, कापलेले नाव त्याला सापडत नाही आणि तो प्रत्येक वेळी नवा डेटाब्लॉक तयार करतो. देवनागरीत नावे अवश्य द्यावीत, मात्र ती आखूड असावीत.

ब्लेंडर इंग्रजीखेरीज अन्य भाषेत चालत असेल आणि नव्या डेटाचे भाषांतर करण्याचा पर्याय चालू असेल, तर नोडचे नावच त्या भाषेत तयार होते आणि इंग्रजी नावाने केलेला शोध रिकामा परततो. अशा वेळी एजंटने नोड नावाऐवजी प्रकारावरून ओळखावा.

चौथी तपासणी: लिंक नेमक्या कोणत्या सॉकेटला लागली आहे

लिंक जोडली गेली असूनही काम होत नाही, अशा बहुतेक प्रकरणांचे मूळ मला इथे सापडते, म्हणून या तपासणीला पुरेसा वेळ द्यावा.

ब्लेंडरच्या अनेक नोड्समध्ये एकाच नावाची अनेक सॉकेट असतात. मॅथ नोडमधील तिन्ही इनपुटचे नाव ‘व्हॅल्यू’ आहे. एजंट नावाने सॉकेट मागतो तेव्हा त्याला नेहमी पहिलेच मिळते. बेरजेचे दोन्ही आकडे त्याने नावाने जोडले तर दुसरी लिंक पहिलीला हटवून तिच्या जागी बसते, कारण साध्या इनपुट सॉकेटला एकच लिंक राहते. जॉइन जॉमेट्रीसारख्या बहु-इनपुट सॉकेटचा याला अपवाद आहे. लिंक हटवली गेल्याची कोणतीही सूचना मिळत नाही. अशा नोडमध्ये एजंटने नाव वापरू नये; क्रमांक किंवा पुढे सांगितलेले आयडेंटिफायर वापरावे.

मिक्स नोडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्याच्या आत फ्लोट (दशांश संख्या), वेक्टर (तीन संख्यांचा गट), रंग आणि रोटेशन यांसाठी ‘ए’ आणि ‘बी’ अशा नावांची वेगवेगळी सॉकेट असतात आणि निवडलेल्या डेटा प्रकारानुसार त्यांतली काहीच दाखवली जातात. नवा नोड तयार होतो तेव्हा प्रकार फ्लोट असतो. एजंटने आधी ‘ए’ सॉकेट मिळवून लिंक जोडली आणि नंतर प्रकार रंगाचा केला, तर लिंक फ्लोटच्या सॉकेटवरच राहते. ते सॉकेट आता अनुपलब्ध असते. लिंक डेटामध्ये असते, एजंटच्या मोजणीत येते, मात्र पडद्यावर दिसत नाही आणि तिचा परिणामही होत नाही. रंगाची सॉकेट इनपुटमध्ये ६ आणि ७ या क्रमांकांवर असतात, तर रंगाचे आउटपुट २ वर. रॅन्डम व्हॅल्यू नोडमध्येही असेच आहे: पडद्यावर फ्लोटची किमान आणि कमाल ही सॉकेट दिसत असली तरी शून्य क्रमांकावर वेक्टरचे किमान सॉकेट असते.

क्रमांक आवृत्तीनुसार सरकतात आणि नावे दुबार असतात, म्हणून दोन्हींपेक्षा विश्वासार्ह असते ते सॉकेटचे आयडेंटिफायर, म्हणजे आतली न दिसणारी ओळख. मिक्स नोडमध्ये ‘ए_कलर’, ‘बी_कलर’, ‘रिझल्ट_कलर’ असे आयडेंटिफायर असतात आणि ते दिसणाऱ्या नावाहून वेगळे असतात. एजंटला देण्याची जी सूचना मी वापरतो ती अशी:

‘लिहिण्यापूर्वी ग्राफमधील प्रत्येक नोडचे नाव, प्रकार, डेटा प्रकार आणि त्याच्या प्रत्येक सॉकेटचे आयडेंटिफायर व उपलब्धता छापा. नोडचे सर्व प्रकार-गुणधर्म आधी ठरवा आणि त्यानंतरच सॉकेट मिळवून लिंक जोडा. लिहून झाल्यावर प्रत्येक लिंक पुन्हा वाचा: कोणत्या नोडमधून, कोणत्या आयडेंटिफायरमधून, कोणत्या नोडकडे, कोणत्या आयडेंटिफायरकडे; लिंक वैध आहे का; दोन्ही टोकांची सॉकेट उपलब्ध आहेत का. यातील एकही उत्तर नकारार्थी असेल तर काम पूर्ण झाले असे सांगू नका.’

एवढ्या वाचनाने एजंटला स्वतःची चूक दिसते आणि बहुधा तो ती स्वतःच सुधारतो. ही सूचना संभाषणात प्रत्येक वेळी देण्यापेक्षा एजंटच्या कायम सूचनांच्या फाइलमध्ये ठेवावी.

पाचवी तपासणी: लाल लिंक, फील्ड आणि झोन

लाल लिंक म्हणजे प्रकारांचा मेळ नसलेली किंवा चक्राकार लिंक. जॉमेट्रीची लिंक फ्लोटला लावली तर ती लाल होते हे उघड आहे. फील्डची लिंक त्यामानाने कमी उघड असते. आवृत्ती ३.० पासून जॉमेट्री नोड्समध्ये फील्ड आहेत, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी वेगळी निघू शकणारी किंमत, आणि त्यांची रेष तुटक दिसते. ज्या सॉकेटला एकच किंमत लागते, उदाहरणार्थ ग्रिड नोडमधील उभ्या-आडव्या बिंदूंची संख्या, तिथे फील्ड जोडता येत नाही. एजंट पोझिशन किंवा रॅन्डम व्हॅल्यू थेट तिथे जोडतो तेव्हा त्याचा तर्क वाक्यात बरोबर वाटतो, पण ग्राफमध्ये तो अशक्य असतो. एक किंमत हवी असेल तर ॲट्रिब्यूट स्टॅटिस्टिकसारख्या नोडने फील्डवरून सरासरी किंवा कमाल किंमत काढून ती जोडावी लागते.

झोन म्हणजे इनपुट आणि आउटपुट अशा दोन नोडांमधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग. सिम्युलेशन झोन ३.६ मध्ये आला आणि रिपीट झोन ४.० मध्ये. मेनूतून जोडला की झोनचे दोन्ही नोड जोडीने येतात. पायथनने दोन नोड स्वतंत्रपणे तयार केले तर मात्र त्यांची जोडी आपोआप लागत नाही. इनपुट नोडला आउटपुट नोडशी जोडण्याची स्वतंत्र क्रिया करावी लागते. दोन नोडांमधील रंगीत पट्टा दिसत नसेल तर झोन तयारच झालेला नाही असे समजावे.

सहावी तपासणी: एकके आणि रंग

पायथनमध्ये कोन रेडियनमध्ये असतो, पडद्यावर अंशांत दिसतो. एजंटने ९० लिहिले तर ते ९० रेडियन होतात आणि वस्तू सुमारे ११६.६ अंशांवर थांबते. हवे होते ते १.५७०८. रंगाच्या किमती पायथनमध्ये लिनिअर (प्रकाशाच्या प्रमाणात) असतात, तर हेक्स सांकेतांक एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत) असतो. मध्यम राखाडीचा १२८ हा आकडा २५५ ने भागून ०.५०२ लिहिला की रंग फिकट येतो, कारण लिनिअरमध्ये तो सुमारे ०.२१६ असायला हवा. नॉर्मल आणि रफनेसच्या प्रतिमांना नॉन-कलर हे रंगक्षेत्र दिलेले आहे का, हेही पाहून घ्यावे.

सातवी तपासणी: ग्राफमधून प्रत्यक्ष काय निघते

स्प्रेडशीट एडिटर उघडून वस्तू निवडावी. ग्राफमधून बाहेर पडणाऱ्या बिंदूंची, फेसची आणि इन्स्टन्सची (एकाच आकाराच्या हलक्या प्रतींची) संख्या तिथे दिसते. साखळीच्या मध्ये व्ह्यूअर नोड जोडत गेले की संख्या कुठे शून्य होते हे कळते आणि दोष त्याच नोडपाशी सापडतो. बारीक नळाला पाणी येत नसेल तर टाकीपासून एकेक जोड उघडून पाहावा, तसेच हे आहे, आणि तेवढ्याच संयमाने ते करावे लागते.

इथे एक उलट्या प्रकारची चूकही होते आणि तिचे नुकसान जास्त असते. एजंट पडताळणीसाठी वस्तूची मूल्यांकित जाळी (नोड चालवल्यानंतरचा अंतिम आकार) मागतो आणि तिच्यातले बिंदू मोजतो. इन्स्टन्स ऑन पॉइंट्स वापरणाऱ्या ग्राफमध्ये इन्स्टन्स त्या जाळीत धरले जात नाहीत, म्हणून संख्या शून्य येते. पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसत असते, पण एजंट काहीच तयार झाले नाही असे ठरवतो आणि चांगला ग्राफ दुरुस्त करायला घेतो. बहुधा तो शेवटी प्रतींना खऱ्या बिंदूंत बदलणारा रिअलाइज इन्स्टन्सेस हा नोड जोडतो. मग संख्या येते, पण ५,००० बिंदूंच्या झाडाचे १०,००० इन्स्टन्स असतील तर त्यातून ५ कोटी बिंदूंची जाळी तयार होते आणि संगणक थांबतो. एजंटने इन्स्टन्स मोजण्यासाठी डिपेंडन्सी ग्राफमधील (ब्लेंडरच्या अंतर्गत गणना-यादीतील) वस्तू-इन्स्टन्सची यादी वापरावी, आणि रिअलाइज इन्स्टन्सेस विचारल्याशिवाय जोडू नये, असे स्पष्ट लिहून ठेवावे.

आठवी तपासणी: सामायिक ग्रुप आणि त्याच्या इनपुट

नोड ग्रुपच्या नावाशेजारी आकडा दिसत असेल तर तेवढ्या ठिकाणी तो वापरात आहे. एका खिडकीसाठी केलेला बदल इमारतीच्या सगळ्या खिडक्यांवर होत असेल तर कारण हेच. बदल एकाच वस्तूसाठी हवा असेल तर आधी ग्रुपची स्वतंत्र प्रत करावी.

त्याहून जास्त काळजी ग्रुपच्या इनपुटची घ्यावी लागते. मॉडिफायरवरील किमती ‘सॉकेट_२’ अशा आयडेंटिफायरखाली साठवलेल्या असतात. दिसणाऱ्या नावाशी त्यांचा संबंध नसतो. इनपुटचे नुसते नाव बदलले तर किमती टिकतात. एजंट मात्र बरेचदा इनपुट काढून त्याच नावाची नवी तयार करतो, नव्या इनपुटला नवे आयडेंटिफायर मिळते, आणि तो ग्रुप वापरणाऱ्या प्रत्येक वस्तूवरची जुळवलेली किंमत मूळ पदावर येते. त्या किमतीवर की-फ्रेम (वेळेनुसार बदल) किंवा ड्रायव्हर (दुसऱ्या किमतीवरून आपोआप बदल) बसवलेले असतील तर तेही तुटतात. पडद्यावर नाव तेच दिसत असल्याने हे नुकसान उशिरा लक्षात येते, कधी कधी रेंडर झाल्यावर. तुलना करण्यासाठी आधी जतन केलेली फाइल उघडावी, दोन्ही फाइलींतील इनपुटचे आयडेंटिफायर एजंटकडून छापून घ्यावेत आणि ते वेगळे असतील तर जुन्या फाइलवरूनच पुढचे काम करावे. तुटलेले ड्रायव्हर एकेक करून जोडण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

नववी तपासणी: ॲड-ऑन, थ्रेड आणि कोसळणे

ही सर्वांत अवघड तपासणी आहे आणि पायथन वाचता येत असेल तरच करावी. संदर्भ चुकीचा आहे अशी ‘पोल’ (ब्लेंडरने क्रियेआधी केलेल्या चाचणीची) त्रुटी येत असेल तर एजंट बटणामागच्या ऑपरेटर क्रिया वापरत आहे. त्या क्रियांना नोड एडिटर उघडा आणि सक्रिय असावा लागतो. ॲड-ऑनमधून येणाऱ्या कोडला तो मिळत नाही. एजंटला डेटावर थेट काम करण्यास सांगावे. ब्लेंडर अधूनमधून, ठरावीक कारण न दिसता, कोसळत असेल तर ॲड-ऑन आलेला कोड दुय्यम थ्रेडवर (मुख्य कामाशेजारी चालणाऱ्या स्वतंत्र प्रवाहावर) चालवतो का ते पाहावे. ब्लेंडरचा पायथन इंटरफेस अनेक थ्रेडसाठी सुरक्षित नाही. आलेला कोड रांगेत ठेवून ॲप्लिकेशनच्या टायमरमार्फत मुख्य थ्रेडवर चालवणे हा योग्य मार्ग आहे. शेवटी तोच कोड फॅक्टरी सेटिंगसह, पार्श्वभूमीत आणि रिकाम्या फाइलवर चालवून पाहावा; तिथे तो नीट चालला तर दोष फाइलमध्ये किंवा इतर ॲड-ऑनमध्ये आहे.

कधी थांबावे

पुढील परिस्थितीत स्वतः दुरुस्ती करू नये आणि एजंटलाही करू देऊ नये. टेक्निकल आर्टिस्टला किंवा स्टुडिओच्या पाइपलाइनची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला बोलवावे.

नोड ग्रुप दुसऱ्या फाइलमधून लिंक केलेला असेल तर थांबावे. असा डेटा संपादित करता येत नाही, आणि एजंट तो अडथळा दूर करण्यासाठी डेटा स्थानिक करून टाकू शकतो. त्या क्षणी स्टुडिओच्या ग्रंथालयाशी असलेले नाते तुटते आणि पुढे मूळ फाइलमध्ये होणाऱ्या सुधारणा त्या दृश्यापर्यंत पोहोचत नाहीत.

सिम्युलेशन बेक केलेले (आधीच गणून साठवलेले) असेल आणि ग्राफ बदलल्यास ते पुन्हा करावे लागणार असेल, तर त्या वेळेचा निर्णय कामाच्या मालकाने घ्यायचा आहे. फाइल उघडताच ब्लेंडर कोसळत असेल, किंवा पहिल्या आठ तपासण्यांनंतरही त्याच ठिकाणी कोसळत असेल, तर आणखी प्रयत्न केल्याने शाबूत बॅकअपवर वाईट प्रत लिहिली जाण्याचा धोका वाढतो. ब्लेंडर मूळ सेटिंगमध्ये मागची एकच प्रत ठेवतो, आणि सलग दोनदा जतन केले की तीही बदलते.

एजंटचा कोड नोड्सबाहेर गेला असेल, म्हणजे फाइली हटवणे, इंटरनेटवरून काही उतरवणे किंवा ॲड-ऑन बसवणे असे काही त्याने केलेले आढळले, तर जोडणी लगेच बंद करावी आणि संगणकाची सुरक्षा पाहणाऱ्या जाणकाराला दाखवावे. ॲड-ऑन कोणताही पायथन कोड चालवू शकत असल्याने त्या एजंटला आपल्या खात्याइतकेच अधिकार मिळालेले असतात. ॲड-ऑनचा सर्व्हर फक्त स्थानिक संगणकावर ऐकत आहे का, हे त्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलमध्ये पायथन आपोआप चालवण्याचा पर्याय बंद ठेवावा.

जाणकाराकडे जाताना सोबत चार गोष्टी द्याव्यात: बिघाडाआधीची फाइल, बिघाडानंतरची फाइल, ब्लेंडरची नेमकी आवृत्ती आणि एजंटने चालवलेला संपूर्ण कोड क्रमाने. एजंटने लिहिलेला सारांश कोडऐवजी चालत नाही, कारण अनुपलब्ध सॉकेटवर लागलेली लिंक सारांशात ‘जोडली’ अशीच नोंदलेली असते. ब्लेंडर कोसळला असेल तर तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधील क्रॅश लॉगही जोडावा. दोष ब्लेंडरचाच निघाला तर तो ब्लेंडरच्या अधिकृत त्रुटी-नोंदणीत कळवायचा असतो, आणि तिथे शक्य तितकी छोटी फाइल मागितली जाते. म्हणून दृश्यातील बाकी सर्व काढून, तीच चूक दाखवणारे दोन-तीन नोड उरतील अशी प्रत आधीच तयार ठेवावी.